टीव्हीवरचा आकडा आणि आपल्या तालुक्याचं तिकीट

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून आलाय. विचारणारे भाऊ एका प्रादेशिक पक्षाचं काम करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "दिल्लीच्या वाहिनीनं देशाचा सर्व्हे दाखवला. आज निवडणूक झाली तर कोणाला किती जागा मिळतील, असा. महाराष्ट्राच्या तक्त्यातला आमच्या पक्षाचा आकडा पाहून आमच्या गटातले दोन जुने कार्यकर्ते त्याच आठवड्यात दुसरीकडे गेले. तालुकाध्यक्ष म्हणतात, सर्व्हे खोटे असतात, लक्ष देऊ नका. मला ते पटत नाही. अशा राष्ट्रीय सर्व्हेचा आमच्यासारख्या पक्षावर नेमका काय परिणाम होतो, आणि आम्ही तो वाचायचा कसा?"

भाऊ, तुम्हाला पटलं नाही ते बरंच झालं. सर्व्हे चुकला तरी त्यानं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि तो बरोबर निघाला तरी तुमच्या तालुक्याबद्दल त्याला काही माहीत होतं असं नाही.

मी २००४ च्या लोकसभेपासून विदर्भात सर्वेक्षणाचं काम करते. पहिली काही वर्षं स्वतः दारोदार फिरून फॉर्म भरले, नंतर पथकं सांभाळली, नमुना कसा काढायचा आणि आकड्यांवर भार कसा टाकायचा, म्हणजे कमी सापडलेल्या गटांचं वजन कसं वाढवायचं, ते शिकले. एवढ्या वर्षांत मला दिसलं ते असं, की राष्ट्रीय सर्व्हेनं मतदार फारसा हलत नाही. पारावरचा माणूस टीव्हीवरचा आकडा ऐकतो, "असन बाप्पा" म्हणतो आणि पुन्हा सोयाबीनच्या भावावर येतो. हलते ती जागावाटपाची बैठक. मुंबईत किंवा दिल्लीत चार-सहा माणसं बसतात, मोठा पक्ष सर्व्हेचा कागद पुढं सरकवतो, आणि धाकट्या पक्षाची जागा तरी जाते किंवा उमेदवार तरी बदलतो. तुमच्या पक्षाला सर्व्हे लागतो तो तिथं. म्हणून तुमचं उत्तर मी तिथूनच द्यायला हवं, पण आधी तो कागद कशाचा बनलेला असतो ते सांगते.

हिशेब साधा आहे. तीस हजार माणसांचा सर्व्हे म्हणजे मोठा सर्व्हे. लोकसभेच्या जागा ५४३. म्हणजे एका जागेमागे सरासरी ५५ माणसं. विदर्भाच्या दहा जागांत मिळून साडेपाचशे. आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो हे काढायची ढोबळ रीत अशी, की एकाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. तीस हजारांवर हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, म्हणून देशाचा आकडा भक्कम दिसतो. साडेपाचशेवर तोच फरक चार टक्क्यांच्या वर जातो. तुमचा पक्ष विदर्भात दोनच जागा लढवणार असेल तर तिथली माणसं एकशे दहा, आणि फरक साडेनऊ टक्के. एका जागेवर तेरा टक्क्यांच्या पुढं. शिवाय ही माणसं सुटी सुटी निवडलेली नसतात. एका गावात पंधरा-वीस, मग पुढचं गाव. एका गल्लीतली माणसं पुष्कळदा एकसारखं मत देतात, म्हणून प्रत्यक्षातली चूक या हिशेबापेक्षा मोठीच असते.

आता याच्या शेजारी खरा निकाल ठेवा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या आणि महायुतीला १७. पण दोन्हीकडच्या मतांमधला फरक एक टक्क्याहूनही कमी होता. राज्यात तेरा जागांचं अंतर पाडणारी गोष्ट एक टक्क्याच्या आत घडते, आणि विदर्भापुरता पाहिला तर तो सर्व्हे चार टक्के इकडं किंवा तिकडं असू शकतो.

विदर्भ देशाच्या हवेबरोबर वाहतो असं दिल्लीत गृहीत धरलं जातं. जुने निकाल तसं सांगत नाहीत. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला, आणि विदर्भातल्या बहुतेक जागा मात्र काँग्रेसकडे राहिल्या. २००४ मध्ये बहुतेक चाचण्या वाजपेयींचं सरकार परत येणार असं सांगत होत्या. ते गेलं, काँग्रेसच्या १४५ जागा आल्या, भाजपच्या १३८. सगळ्या देशात चाचण्या चुकल्या म्हणून ओरड झाली. पण त्या वेळच्या विदर्भातल्या ११ जागांपैकी १० भाजप-शिवसेनेनं जिंकल्या होत्या, फक्त नागपूर काँग्रेसकडे गेलं. ते माझं पहिलंच वर्ष. आम्ही भरलेले फॉर्म युतीकडे झुकलेले होते आणि ते इथल्यापुरते खरे होते. निकालानंतर मात्र आमच्या फॉर्मांवरही चुकीचा शिक्का बसला. एक आकडा देशासाठी चूक आणि आपल्या भागासाठी बरोबर असू शकतो, त्याच्या उलटही होऊ शकतं, हे मी तेव्हा शिकले.

२०२४ मध्ये उलटं झालं. १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्या एनडीएला साडेतीनशेच्या पुढं नेत होत्या. मिळाल्या २९३. केंद्रात सरकार त्यांचंच आलं, पण विदर्भातल्या दहांपैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. पाच काँग्रेस, आणि वर्धा व यवतमाळ-वाशीम या दोन जागा प्रादेशिक पक्षांच्या. विदर्भातलं मतदान १९ आणि २६ एप्रिललाच उरकलं होतं. म्हणजे निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारास जे सर्व्हे दाखवले गेले, ते ताजे असतानाच आपण मत दिलं, आणि तरी त्यांच्यामागं गेलो नाही.

माणसं सर्व्हेत कशी येतात आणि कशी गळतात, हे आता सांगते. माझं सगळं आयुष्य यात गेलं, म्हणून इथं जरा थांबते.

दिवाळीच्या पुढं-मागं गावात दुपारी जाऊन बघा. कापसाची वेचणी चालू असते. बाया सकाळीच डबा घेऊन वावरात गेलेल्या, त्या अंधार पडताना येणार. सर्व्हेवाला पोरगा शहरातून अकरा वाजता येतो. त्याला फॉर्ममागं पैसे मिळतात आणि संध्याकाळची बस गाठायची असते. यादीतल्या घरांना कुलूप. मग तो पानटपरीवर थांबतो. तिथं तरणी पोरं असतात, मोबाइल बघणारी, बोलायला उत्सुक. सात-आठ फॉर्म तिथंच भरून होतात. बायांचा कोटा उरला की एखाद्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीला विचारायचं, आणि उत्तर तिच्या मुलानं द्यायचं. मी असे फॉर्म गठ्ठ्यानं रद्द केलेत. एकाच शाईत, एकाच वेगात लिहिलेले, "सांगता येत नाही" हा पर्याय एकदाही न वापरलेले. गावात खरं विचारलं तर दर चार-पाच माणसांत एक जण पहिल्यांदा "सांगता येत नाही" म्हणतोच. ज्या गठ्ठ्यात तो नाही तो गठ्ठा घरी बसून भरलेला असतो.

फोनवरचा सर्व्हे याहून वेगळा गळतो. घरातला फोन बहुधा कर्त्या माणसाच्या खिशात. बाईपर्यंत फोन पोचला तर ती अनोळखी आवाजाला काय सांगणार? जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिन्याला दीड हजार. त्यानंतरच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या मुलींना घराघरात एकच प्रश्न उलट विचारला जायचा, "बाई, हे लिहून नेल्यावर माहे पैसे बंद होतीन का?" आधी दहा मिनिटं ती भीती घालवायची, मग प्रश्नावली काढायची. फोनवर ती दहा मिनिटं कोणी देत नाही. त्या भीतीपोटी आलेलं उत्तर सरळ सरकारच्या खात्यात जमा होतं.

मग तांडे, म्हणजे बंजारा वस्त्या. तुम्ही दारव्ह्याचे, तुम्हाला सांगायला नको. मतदारयादीचा भाग गावठाणाच्या नावानं, तांडा दोन किलोमीटर आत. पथकाच्या गाडीला तिकडं जायला रस्ता नाही म्हणून तांडा सुटतो, आणि दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात तांडा सुटला तर निवडणूकच सुटली. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. तिथं मराठी प्रश्नावलीही पुरत नाही. आणि ती मराठी तरी कुठली? दिल्लीत हिंदीवरून केलेली. "राज्य सरकारच्या कामकाजाने आपण कितपत संतुष्ट आहात?" असं वाचून दाखवलं की बाई विचारते, "संतुष्ट म्हंजे का जी?" त्याच बाईला "यंदा तुमचं बरं चाललं का?" असं विचारा. ती खरेदी केंद्रावरच्या ओलाव्यापासून पोरीच्या फीपर्यंत सगळं सांगते.

प्रादेशिक पक्षाचं सगळ्यात मोठं नुकसान प्रश्नांच्या क्रमात होतं. राष्ट्रीय सर्व्हेत पहिला प्रश्न पंतप्रधान कोण हवा हा. दुसरा, केंद्राचं काम कसं. तिसरा, लोकसभेला मत कोणाला. विधानसभा आली तर शेवटी. पहिल्या प्रश्नाला माणूस ज्या बाजूचं उत्तर देतो, त्याच बाजूला पुढची उत्तरं ओढली जातात. त्याला आपल्याच बोलण्याशी विसंगत दिसायचं नसतं. प्रादेशिक पक्षाकडे बहुधा पंतप्रधानपदाचं नावच नसतं. म्हणजे पहिल्याच प्रश्नाला तो पक्ष माणसाच्या डोक्यातून बाजूला पडलेला असतो. हाच फॉर्म उलटा करा. आमदार कोण चांगला, तालुक्याची अडचण काय, विधानसभेला मत कोणाला, आणि शेवटी पंतप्रधान. मी दोन्ही क्रम एकाच गावांत लावून पाहिलेत. उलट्या क्रमात स्थानिक पक्षाचं आणि अपक्षाचं मत वर येतं.

पक्ष फुटल्यावर तर कागदावर नोंद काय करायची हाच प्रश्न होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे गेल्याचा निर्णय निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, घड्याळ अजित पवारांकडे गेल्याचा फेब्रुवारी २०२४ मध्ये. पण गावातला साठीचा माणूस "शिवसेना" एवढंच म्हणतो. पुढं विचारलं तर "बाळासाहेबाची". आता हे ठाकरे यांच्या मशालीत टाकायचं की धनुष्यबाणात? ज्यानं फॉर्म भरला त्याच्या मर्जीवर. कोणी "पवारसाहेबाचं घड्याळ" म्हणतो, म्हणजे नेता एकाचा आणि चिन्ह दुसऱ्याचं. त्या वर्षी आम्ही नावं विचारणं सोडून चिन्हांची चित्रं दाखवायला लागलो, तेव्हा कुठं उत्तरं सरळ आली. फोनवरून चित्र दाखवता येत नाही.

एवढं सगळं पार करून टक्के निघतात. त्या टक्क्यांच्या जागा करायच्या म्हणजे आणखी एक उडी. ही उडी प्रादेशिक पक्षाच्या बाबतीत किती फसते, याचं आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. २०१९ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीला राज्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा एकही नाही. त्याच निवडणुकीत बच्चू कडू यांच्या प्रहारला राज्याच्या हिशेबात एक टक्काही मत नव्हतं, आणि अचलपूर व मेळघाट या दोन जागा आल्या. वंचितचं मत राज्यभर पसरलेलं, प्रहारचं एका जिल्ह्याच्या कोपऱ्यात साठलेलं. राज्याच्या टक्केवारीत वंचित दिसते, प्रहार दिसतच नाही. आणि मत साठलेलं असलं म्हणजे ते कायमचं असतं असंही नाही, २०२४ मध्ये त्या दोन्ही जागा प्रहारनं गमावल्या.

२०२४ ची विधानसभा तर पाठच करून ठेवा. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा. शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के आणि ५७ जागा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि ४१. टक्के सारखे किंवा कमी, जागा साडेतीन-चार पट. कारण कोण किती जागा लढला, समोर कोण होता आणि मित्रपक्षाचं मत त्याच्या पेटीत उतरलं का, यावर सगळं ठरलं. यातली एकही गोष्ट निवडणुकीच्या सहा महिने आधी केलेल्या सर्व्हेला माहीत नसते. युती कोणाशी हेच तेव्हा ठरलेलं नसतं. म्हणून तुमच्या पक्षाचा राज्यातला टक्का पाहू नका. तुम्ही लढवता त्या जागांवर तुमचं मत किती, एवढंच पाहा. वाहिनी तो आकडा दाखवत नाही, कारण तिच्याकडे तो नसतो.

अकोला आणि बुलडाण्याची लोकसभा याच कारणासाठी आठवते. २०२४ ला अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४० हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं होती. बुलडाण्यात प्रतापराव जाधवांचं मताधिक्य तीस हजारांच्या आत, आणि अपक्ष रविकांत तुपकर अडीच लाखांच्या आसपास. दोन्ही जागांचा निकाल ज्यांच्या मतांनी फिरवला, ते राष्ट्रीय तक्त्यात "इतर" या रकान्यात होते.

आता जागावाटपाकडे येते. तुमच्याच मतदारसंघाची गोष्ट आहे.

२०२४ च्या लोकसभेला यवतमाळ-वाशीममध्ये भावना गवळी यांचं तिकीट कापलं गेलं. १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार. त्यांच्या जागी हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उभं केलं, कारण हिंगोलीत हेमंत पाटील यांची जाहीर झालेली उमेदवारीही मागं घ्यावी लागली होती. रामटेकमध्ये दोनदा निवडून आलेले कृपाल तुमाने बाजूला झाले आणि काँग्रेसमधून आलेले राजू पारवे उमेदवार झाले. तिन्ही जागा शिंदे यांच्या शिवसेनेच्या. मोठ्या मित्रपक्षाचे सर्व्हे या उमेदवारांच्या विरोधात गेले म्हणून बदल झाले, अशी चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत रोज होती. तिन्ही जागा पडल्या. यवतमाळ-वाशीम ९० हजारांहून जास्त मतांनी, रामटेक ७५ हजारांहून जास्त मतांनी. जुने उमेदवार ठेवले असते तर जिंकले असते, असं मी म्हणत नाही; ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्या कागदानं एका पक्षाला स्वतःच्या जागेवर स्वतःचा उमेदवार ठेवता येत नाही, तो कागद किती माणसांना विचारून झाला होता, हे त्या पक्षानं तरी विचारायला हवं होतं.

हे मी त्रयस्थपणे लिहू शकत नाही. एका निवडणुकीआधी ज्या संस्थेसाठी मी काम करत होते, तिनं देशाच्या सर्व्हेतून विदर्भातल्या एका मतदारसंघाचा वेगळा आकडा काढून मागितला. त्या मतदारसंघातले आमचे फॉर्म साठसुद्धा नव्हते. मी लेखी कळवलं की यावरून उमेदवाराबद्दल काहीही सांगता येणार नाही. तरी तो तक्ता तयार झाला, माझी टीप काढून टाकली गेली, आणि काही दिवसांनी तो एका बैठकीत दाखवल्याचं मला कळलं. त्या फॉर्मांमधली काही माणसं मी स्वतः पाहिली होती. एका बाईनं चुलीपुढून उठून, हात पुसून, अर्धा तास मनापासून उत्तरं दिली होती. तिच्या बोलण्याचा असा वापर झाला याचा राग अजून गेलेला नाही. त्यानंतर मी जिथं काम घेते तिथं एक अट घालते, की मतदारसंघाखाली किती फॉर्म आहेत ते त्याच पानावर छापायचं.

उलट्या दिशेनंही हाच खेळ होतो. लोकसभेला महाराष्ट्रात १३ जागा आल्यावर काँग्रेस आघाडीतला मोठा भाऊ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाविकास आघाडीचं जागावाटप अडलं ते मुख्यतः विदर्भातल्या जागांवरून. काँग्रेसचं म्हणणं, इथं आमची ताकद. ठाकरे यांच्या सेनेचं म्हणणं, आमचीही माणसं आहेत. दोघांच्याही हातात जूनचे आकडे होते. रामटेक विधानसभा सेनेला सुटली, काँग्रेसचे राजेंद्र मुळक अपक्ष उभे राहिले, आणि जागा शिंदे गटाच्या आशिष जयस्वाल यांनी जिंकली.

आणि जूनचा आकडा नोव्हेंबरात शिळा झाला होता. पाच महिन्यांत महायुती १७ वरून थेट विधानसभेच्या २३० जागांवर गेली. विदर्भातल्या ६२ पैकी भाजपच्या एकट्याच्या ३८ जागा, २०१९ मध्ये त्या २९ होत्या. लोकसभेला इथला शेतकरी कापूस-सोयाबीनच्या भावावर चिडलेला होता. तो राग नोव्हेंबरातही होता. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास भाव, हे चित्र मतदानाच्या आठवड्यातही होतं. पण त्याच घरात बाईच्या खात्यात पैसे आले होते. एका घरात दोन मतं झाली. आमच्या पथकाला ऑक्टोबरात हे अर्धवटच दिसलं, कारण आम्हीही कर्त्या माणसाशी जास्त बोललो होतो. ती चूक माझी होती. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जाऊन बायांशी बायांनीच बोलायचं, हा नियम मी त्यानंतर कडक केला.

तुमच्या दोन कार्यकर्त्यांबद्दल माझं मत सांगते. ते सर्व्हेमुळे गेले असं मला वाटत नाही. जुना कार्यकर्ता टीव्ही पाहून पक्ष सोडत नाही. त्याला जिल्हा परिषदेच्या गटाचं किंवा पंचायत समितीच्या गणाचं तिकीट दिसत नसतं, किंवा दोन वर्षांत त्याच्या घरी कोणी चहाला आलेलं नसतं. सर्व्हे त्याला सांगायला एक कारण देतो. त्यांच्याकडे जाऊन विचारा, पण सर्व्हेचा विषय काढू नका.

पुढच्या वेळी आकडा दिसला की एवढं विचारा: फॉर्म कोणत्या तारखांना भरले, विदर्भात किती भरले, घरी जाऊन की फोनवर, युती कोणती गृहीत धरली, आणि "सांगता येत नाही" म्हणणाऱ्यांचं काय केलं. या शेवटच्या माणसांना बाकीच्यांच्या प्रमाणात वाटून टाकायची पद्धत आहे. म्हणजे ज्यांनी काही सांगितलंच नाही त्यांचं मतही मोठ्या पक्षाला जास्त जातं. उत्तरं मिळाली नाहीत तर तो आकडा बैठकीत मान्य करू नका. एक कायद्याचं लक्षात ठेवा: मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीसारख्या माध्यमातून मतचाचणीचे निकाल दाखवायला मनाई आहे, आणि मतदानोत्तर चाचणी तर पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत कुठंच प्रसिद्ध करता येत नाही. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या व्हॉट्सॲप गटात त्या दिवसांत कोणी असं काही टाकलं तर लगेच काढायला लावा.

पण प्रश्न विचारणं पुरत नाही. टेबलावर तुमचाही कागद हवा. निवडणूक कार्यालयाकडे नमुना २० नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. तुमचा दारव्हा ज्यात येतो त्या दिग्रस विधानसभा मतदारसंघाचे मागच्या तीन निवडणुकांचे काढा. लोकसभेचे आणि विधानसभेचे दोन्ही. केंद्रांची नावं आणि हद्दी बदललेल्या असतील, त्या हातानं जुळवाव्या लागतील, आठवडा जाईल. मग तीन ढीग करा: जिथं तुमचं मत टिकलंय, जिथं पडलंय, जिथं वर-खाली होतंय. तिन्हीतून मिळून वीस केंद्रं चिठ्ठी टाकून निवडा, सोयीनं नाही. तांड्याचं केंद्र चिठ्ठीत आलं तर तिथं जायचंच. प्रत्येक केंद्राच्या मतदारयादीतून ठरावीक अंतरानं वीस नावं. मिळून चारशे. वरच्याच सूत्रानं पाच टक्क्यांचा फरक येतो. तो कमी नाही, पण त्या राष्ट्रीय सर्व्हेकडे तुमच्या मतदारसंघातली दहा-बारा माणसंही नसतील. विचारणारी मुलं तुमच्या पक्षाची नकोत. गावात ती ओळखू येतात आणि लोक तोंडावर "तुम्हालेच" म्हणतात. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या मुली-मुलं घ्या, रोजंदारी द्या, फॉर्ममागं पैसे देऊ नका.

मागच्या वेळी मत कोणाला दिलं हेही विचारा आणि ती बेरीज नमुना २० शी ताडून पाहा. जमत नसेल तर तुमचे चारशे लोक चुकीचे निवडले गेलेत, पुढची उत्तरं वाचू नका, पुन्हा करा. माझ्याकडे साध्या बोलीतली एक पानाची प्रश्नावली आहे, ती पाठवते. पंतप्रधानाचा प्रश्न त्यात सगळ्यात शेवटी ठेवलाय. चिन्हांची चित्रं मतपत्रिकेवर असतात तेवढ्याच आकाराची छापा, आणि सोयाबीनची सोंगणी आटोपून वेचणी भरात येण्याआधीचा आठवडा धरा, तेव्हा बाया घरी सापडतात.